देखलं नाही, सही नाही

माझ्या घरमालकांना ‘बरं आहे’ हे उत्तर चालत नसे. सकाळी मी शाळेला निघाले की ते ओसरीवरून विचारत, “काय म्याडम, कसं काय?” मी सवयीनं म्हणायची, “बरं आहे.” की लगेच पुढचा प्रश्न यायचा, “खरंच बरं आहे, का म्हणाले पायजे म्हणून म्हणता?”

सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे मी खरं सांगायला लागले. डोकं दुखतंय, रात्री झोप नाही, काल मुख्याध्यापक बोलले. ते “हं” म्हणून मान हलवत. उपाय सांगत नसत, धीरही देत नसत. खरं ऐकायला मिळालं, एवढ्यावर त्यांचं काम झालेलं असायचं.

यंदाच्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या नातीनं, समीक्षानं, फोन करून सांगितलं. फोन ठेवल्यावर मला त्यांचा चेहरा लवकर आठवेना. आधी आठवली ती ओसरीची भिंत, तिच्यावरचे खडूचे आकडे.

मी गोंदिया शहरातली. घरी हिंदी, शाळेत मराठी, अशी वाढलेली. नोकरी लागली ती अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. पॅसेंजरची वेळ आणि शाळेची वेळ काही केल्या जुळेना, म्हणून गावातच खोली घेतली. घरमालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी. म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अंगात खात्याचा खाकी शर्ट असे. कॉलर झिजली की सून ती उलटून शिवून द्यायची. गावच्या तलावाची तोटी, जिला तिकडे तुडूम म्हणतात, तिची किल्ली गावानं त्यांच्याकडेच ठेवली होती. रोज सकाळी ते खाचा पाडलेली एक काठी घेऊन तलावावर जात, पाणी मोजत, आणि घरी येऊन ओसरीच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहीत.

“याचा काय उपयोग?” मी एकदा विचारलं.

“काही नाही. पण मालूम असाले पायजे.”

‘जवळपास’, ‘साधारण’, ‘सुमारास’ हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मी म्हटलं, सहाच्या सुमारास येते, तर ते म्हणत, “सुमारास म्हणजे सहाच्या आंधी का मांगं?” गावातले लोक त्यांच्या या स्वभावाला हसत. पण भांडण झालं की त्यांच्याच ओसरीवर येत. पाटकरी म्हणाले की झालं, त्यापुढे कोणी बोलत नसे.

शाळेत मी सर्वांत नवीन. म्हणून गाईडचं पथक माझ्या गळ्यात पडलं. प्रशिक्षणाला जाऊन आले आणि सहावी-सातवीच्या चौदा मुली घेऊन सुरुवात केली. पहिली पायरी म्हणजे ‘प्रवेश’. त्यासाठी वचन आणि नियम पाठ हवेत, सलामी यावी, शिट्टीच्या खुणा कळाव्यात, दोन-तीन गाठी बांधता याव्यात. शिवाय महिनाभर रोज एक सत्कृत्य करून ते वहीत लिहायचं आणि खाली पालकाची सही घ्यायची. एवढं झालं की दीक्षाविधी होतो, मुलगी वचन म्हणते आणि तिला बिल्ला मिळतो. घरच्यांनी मदत करावी अशी अपेक्षाच असते. बहुतेक घरांत मदत म्हणजे सही. एका मुलीच्या वडिलांनी तर महिनाभराच्या सह्या पहिल्याच दिवशी करून दिल्या होत्या.

समीक्षा माझ्या पथकात होती. तिचे वडील ट्रक चालवत. महिन्यातून दोनदा घरी यायचे. आई दिवसभर शेतात. म्हणून ‘पालक’ या शब्दापुढे आजोबांनी स्वतःची नेमणूक करून घेतली. समीक्षा त्यांना आबाजी म्हणायची. आबाजींनी नियमांचा कागद माझ्याकडून मागून नेला, दोन दिवस वाचला आणि परत देताना म्हणाले, “यात लिवलं आहे, गाईड विश्वसनीय असते. हे पोरीले आहे का तुमालेही आहे?”

“सगळ्यांनाच आहे.”

“मंग ठीक.”

गाठींचा प्रसंग मी अजून विसरले नाही. प्रशिक्षणात शिकलेली रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची गाठ, मी मुलींना शिकवली. समीक्षानं ती घरी करून दाखवली. दुसऱ्या दिवशी आबाजी दाव्याचा तुकडा खांद्यावर टाकून थेट शाळेच्या पटांगणात. मुली ओळीत उभ्या. ते म्हणाले, “म्याडम, जरा बांधून दाखवा.” मी बांधली. त्यांनी दोन्ही टोकं धरून हिसका दिला आणि गाठ सरकून सुटली. मुली हसल्या. माझे कान तापले.

“दुसरा पेड उलटा घेऊन राहिल्या तुमी,” ते म्हणाले. “अशी गाठ ढोराले बांधली त ढोर पहाटेले दुसऱ्याच्या धानात.” मग त्यांनी हळूहळू, दोनदा, बरोबर बांधून दाखवली. आठवडाभर ते रोज मधल्या सुट्टीत आले आणि चौदाही मुलींकडून करून घेतली. माझ्याकडूनही.

सह्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी पोरीला रडकुंडीला आणलं. इतर मुलींच्या वह्या भराभर भरत होत्या. ‘आज आईला पाणी दिले.’ ‘आज आजीचा चष्मा शोधून दिला.’ समीक्षानं पहिल्या दिवशी लिहिलं, ‘आज आईला भांडी घासू लागले.’ आबाजींनी खाली लिहिलं, ‘हे घरचे काम आहे.’ सही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एका म्हातारीची पिशवी उचलून दिल्याचं लिहिलं. खाली, ‘देखले नाही.’ पोरगी रडत माझ्या खोलीत आली. मी आबाजींना म्हटलं, “लहान आहे हो ती. थोडं सांभाळून घ्या.”

“सांभाळूनच घेऊन राहिलो,” ते म्हणाले. “देखलं नाही त सही नाही. सही म्हणजे मी उभा होतो असं सांगणं होय.”

मग ती काही करायला निघाली की त्यांना हाक मारायची आणि ते काठी टेकत मागून जायचे. कोणाचं वासरू खड्ड्यातून काढायचं होतं, कोणाच्या आंधळ्या सासूला दवाखान्याच्या गाडीपर्यंत न्यायचं होतं. आजा आणि नात असे गावभर फिरायचे. लोक ओसऱ्यांवरून बघून हसायचे. पण वही भरत होती आणि प्रत्येक सहीखाली वेळ लिहिलेली असायची. इतर मुलींचे तीस दिवस झाले तेव्हा समीक्षाचे सोळा झाले होते. दीक्षाविधी दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवला होता, म्हणून मी निर्धास्त होते.

त्या वर्षी पावसानं भादव्यातच पाठ फिरवली. हलका, लवकर येणारा धान कसाबसा निघाला. भारी धान दसऱ्याच्या आगेमागे निसवायला, म्हणजे लोंबी धरायला येतो, तेव्हा त्याला शेवटचं एक पाणी लागतंच. ते पाणी तलावात मोजकं होतं. गावानं बसून पाळ्या लावल्या, कोणाला कोणत्या दिवशी किती वेळ. तुडूम उघडणारे अर्थात आबाजी.

पाटाच्या अगदी शेवटाला होमराजचं शेत होतं. तिशीतला, अबोल माणूस, बायको आणि दोन लहान मुलं, पाच बांध्या म्हणजे बांध घातलेले धानाचे पाच तुकडे. त्याची पाळी मंगळवारी आली. मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस, शाळा सकाळची, शिवार रिकामं. होमराज आपल्या बांधीवर वाट बघत बसला. पाटाला पाणी आलं, पण दुपारी धार एकदम बारीक झाली आणि नंतर तर पाट नुसता ओला राहिला. पाच बांध्यांपैकी दीड बांधी भिजली. संध्याकाळी तो गावात येऊन म्हणाला, “माह्या पाळीचं पाणी कोणी तरी मधात तोडलं.”

गुरुवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक झाली. मीही कडेला उभी होते. सरपंचांनी आबाजींना विचारलं, “पाणी सोडलं होतं?”

“सोडलं होतं. सकारी आठले तुडूम उघडलं, चारले बंद केलं,” आबाजी म्हणाले. हे खरंच होतं.

“मंग झालं,” कोणी तरी म्हणालं. “पाटकरी सांगून राहिले त सोडलंच असन. तूच झोपला असशीन गा होमराज.”

“नाही झोपलो.”

“मंग घेतली असशीन दोन घोट.”

लोक हसले. होमराज दारू पीत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला दुसरी पाळी द्यायची तर कोणाची तरी कमी करावी लागली असती. त्यापेक्षा त्याला खोटं ठरवणं सोपं होतं. तो आबाजींकडे बघत उभा राहिला. आबाजी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, म्हातारा थकला आहे.

शनिवारी मी वह्या तपासायला घेतल्या. तालुक्याहून तपासणीसाठी कोणी येणार होतं. समीक्षाच्या वहीत मंगळवारच्या पानावर लिहिलं होतं: ‘आज शाळेतून आल्यावर आबाजीला पाटात फळी लावू लागले. घमेल्याने चिखल आणून दिला. आपल्या बांधीत खूप पाणी आले. आबाजी खूश झाले.’

खाली सही नव्हती. ‘देखले नाही’ नव्हतं. ‘घरचे काम’ही नव्हतं. ती जागा कोरी होती. संपूर्ण वहीत कोरी अशी ती एकच जागा.

मी पान दोनदा वाचलं. त्या शनिवारी शाळा सकाळची होती. खिडकीतून होमराजची मोठी मुलगी दिसत होती, पहिलीतली, झेंड्याच्या खांबाभोवती गोल फिरत होती. तिच्या बापाला गावानं झोपाळू ठरवलं होतं, आणि ज्यानं ठरवू दिलं त्याच्या घरात मी राहत होते. आता मी काय करायला हवं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी समीक्षाला बोलावलं. म्हटलं, “हे पान नीट नाही आलं गं. फाडून टाक. दुसरं काही तरी लिहून आण.”

“पण म्याडम, मी खरंच केलं होतं.”

“केलं असशील. पण तपासणीला चांगलं नाही दिसणार.”

ती वही छातीशी धरून निघून गेली. मी स्वतःला समजावलं की हे पोरीसाठीच केलं. लहान आहे, कशाला गावाच्या भांडणात तिचं अक्षर? खरं म्हणजे मला माझी खोली दिसत होती, नवी नोकरी दिसत होती, आणि उद्या सकाळी ओसरीवरून जाताना आबाजी ‘कसं काय’ म्हणतील तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते दिसत होतं.

उन्हं कलताना आबाजी माझ्या दाराशी आले. हातात वही होती. ते सहसा उंबऱ्याच्या आत येत नसत. त्या दिवशीही आले नाहीत.

“म्याडम, पोरीले हे पान फाडाले तुमी सांगतलं?”

मी उठून उभी राहिले. “हो” म्हटलं.

“कायले?”

“तुमच्यासाठी,” मी म्हणाले. तेही अर्धंच खरं होतं.

त्यांनी वही मिटून काखेत धरली. मग म्हणाले, “माही बांधी पाटाच्या मधात आहे. माही पाळी शनिवारची होती. मंगळवारी पायलं त धानाचं पान सुरळी होऊन राहिलं होतं. नोकरीभर लोकाच्या बांध्या भरल्या. पाणी माह्या धुऱ्यावरून गेलं, मी हात नाही लावला. त्या दिवशी पाट भरून वाहून राहिला होता, शिवारात माणूस नव्हतं. म्हटलं, दोन घंटे. एवढे दोन घंटे कोण मोजते? मी मोजलं ना. मीच मोजलं. बैठकीत मले कोणी विचारलंच नाही का तू घेतलं का म्हणून. विचारलं तेवढंच सांगतलं. चार दिवस झाले, अन्न खाली नाही उतरत.”

“आबाजी, मग आता…”

“पोरगी पान फाडत बसली होती. म्हणे, म्याडमनं सांगतलं. मी तिचा हात धरला.” त्यांनी वही उघडून दाखवली. पानाचा वरचा कोपरा फाटला होता. “तिले मालूम नव्हतं का हे चोरी होय. तिनं मदत केली, मदत म्हणून लिवलं. आता तिनं फाडलं असतं त तिले समजलं असतं. मंग ती त्या दिवसापासून चोर झाली असती, माह्यासंगं.”

ते गेले. मी दार लावून घेतलं आणि चूल न पेटवता बसून राहिले.

रविवारी सकाळी त्यांनी स्वतः कोतवालाला सांगून लोक गोळा केले. समीक्षाला घरी ठेवलं होतं. तिची आई पदर तोंडाशी धरून बायकांत उभी होती. आबाजी ओट्यावर चढले, चष्मा लावला आणि वही समोर धरून ते चार ओळींचं पान वाचलं. ते एकेक अक्षर लावून वाचायचे, त्यामुळे वेळ लागला. ‘आबाजी खूश झाले’ हेही त्यांनी वाचलं.

मागून एकानं विचारलं, “फळी कोणाच्या पाळीत लावली?”

“होमराजच्या. दोन घंटे. होमराज खरा होता. गुरुवारी तुमी हसले, तवा मी बसून होतो.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून तुडुमाची किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली. सरपंच काही म्हणायला लागले, दंड, ठराव, असं काही तरी. होमराज कशाला थांबेल? तो पुढे आला, किल्ली उचलली आणि तलावाच्या वाटेनं चालायला लागला. आबाजी फावडं घेऊन त्याच्या मागे निघाले. होमराज वळला. “काकाजी, तुमी नका येऊ,” एवढंच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. आबाजी वाटेतच उभे राहिले, फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून. तो दिसेनासा झाला तरी उभेच होते.

पाणी पोचलं, पण दोन बांध्यांतला धान तोवर हातचा गेला होता. लोंब्या बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक, दाणाच नाही. गावानं पुढे आबाजींना माफ केलं, लोक विसरलेही. होमराज विसरला नाही. मी गावात होते तोवर तो त्यांच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. आबाजींनी कधी त्याला हाक मारली नाही. “त्याचा हक्क आहे,” म्हणायचे. भिंतीवर आकडे लिहिणं मात्र त्यांनी बंद केलं. किल्ली नाही तर काठी कायले, असं म्हणाले.

समीक्षानं विचारलं, मंगळवार धरायचा का? मी म्हटलं, “तुझा काय दोष? धरू.” आबाजी म्हणाले, “दोष नाही तिचा. पण सत्कृत्यही नाही.” तो दिवस वगळला. तिनं पुढे एक दिवस जास्त केला. दुसरीतल्या एका मुलीला ताप भरला होता, तिची आई शेतातून येईपर्यंत ही तिच्या उशाशी बसून राहिली. आबाजी दारात बसून होते. सही केली, वेळ लिहिली.

दिवाळीच्या सुट्टीहून परत आल्यावर मी धीर करून त्यांना विचारलं. गावापुढे पान वाचताना त्यांनी माझा उल्लेखही केला नव्हता. फाटलेला कोपरा सगळ्यांना दिसत होता, कोणी विचारलंही असेल. “तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?”

ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. वर न बघता म्हणाले, “तुमचं तुमी सांगाले पायजे. मी कायले सांगू?”

त्यानंतर त्यांनी मला सकाळी ‘कसं काय’ विचारणं सोडलं नाही. मीच चपला हातात घेऊन मागच्या दारानं जायला लागले.

दीक्षाविधी एका शनिवारी झाला. पटांगणात चौदा मुली, निळे गणवेश, नवे स्कार्फ. समोर सतरंजीवर आया, दोन-चार वडील, मुख्याध्यापक खुर्चीत. आबाजी सर्वांत मागे, कुंपणाला टेकून. एकेक मुलगी पुढे येऊन वचन म्हणत होती, मी बिल्ला लावत होते. समीक्षा शेवटची. तिनं तीन बोटं उंचावली आणि वचन म्हटलं. माझ्या डोळ्यांत बघत म्हटलं. त्या पोरीनं मला एका शब्दानंही कधी विचारलं नव्हतं. नियम म्हणताना ती ‘गाईड विश्वसनीय असते’ या पहिल्या ओळीवर अडखळली नाही. तिच्यासोबत म्हणताना मीच अडखळले.

बिल्ला माझ्या हातात होता. मी तो लावला नाही. लोकांकडे वळले आणि म्हटलं, “हिच्या वहीतलं एक पान फाटलं आहे. ते पान हिला फाडायला मी सांगितलं होतं. मला सगळं कळलं होतं, तरी मी गप्प बसले. भीती वाटली म्हणून.” मग तिच्याकडे वळले. “समीक्षा, माझं चुकलं.”

मुख्याध्यापकांनी खुर्ची सरकवली, पुढे त्यांनी मला बोलवून घेतलंच. आयांमध्ये कुजबुज झाली. होमराजची बायको मुलीला घेऊन सतरंजीच्या टोकाला बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मीही नजर खाली घातली नाही. ते कठीण गेलं. आणि मग मागून, कुंपणापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो खरखरीत आवाज आला:

“झालं ना म्याडम सांगून? मंग लावा बिल्ला. पोरी कवाच्या उन्हात उभ्या आहेत.”